स्वयंपाकघराचा ताळेबंद : सेलचा किराणा आणि घरचा घास



कार्तिकी पौर्णिमा झाली. साधु-साध्वीजींचे विहार सुरू झाले आणि ज्या घरांत फाल्गुन चौमासीपासून पालेभाजी, तीळ, मेवा बंद होता, तेथे त्यांचे पुन्हा आगमन झाले. त्याच सुमारास लहानमोठ्या दुकानांच्या दारांवर दिवाळीनंतरच्या सेलचे फलक लागले. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्याचे पडसाद उमटले आहेत. कराडच्या एका सूनबाईंचे पत्र त्यांतले सर्वांत प्रांजळ आहे. त्यांनी नाव छापू नका असे बजावले आहे आणि कारण वाचल्यावर ते योग्यही वाटते.

त्या लिहितात, ‘काका, आमचे स्वतःचे किराणा दुकान आहे. दुकानातून घरी जे येते ते सासरे वहीत मांडून ठेवतात. महिनाअखेरीस तो आकडा सर्वांसमोर वाचला जातो. तो कमी व्हावा म्हणून मी दोनदा मॉलमधून सेलच्या भावात डाळी, रवा, पापड, खाखरे आणले आणि कोणाला सांगितले नाही. आता हा माल संपवायचा आहे. कांदा-बटाट्याशिवायचे, खर्चाला बेताचे आणि लवकर होणारे पदार्थ सुचवावेत. मी चुकते आहे का, तेही लिहावे.’

पदार्थांकडे वळण्यापूर्वी त्यांच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देणे मला भाग आहे. कारण हाच प्रकार मी स्वतः गेल्या श्रावणात केला आणि माझ्या हाती जे लागले ते अद्याप कोणाला सांगितलेले नाही.

मी सांगलीत राहतो. माझ्या पुतण्याचे गणपती पेठेत किराणा-भुसार मालाचे दुकान आहे आणि आमच्या घरचा किराणा तेथूनच येतो. श्रावणात शहराबाहेरच्या एका मोठ्या दुकानात सहज म्हणून गेलो असता रव्याच्या किलोच्या पाकिटावर ‘एकावर एक मोफत’ असे लिहिलेले दिसले. किंमत ६० रुपये. मी दोन घेतली, दोन मिळाली. चार किलो रवा १२० रुपयांत. पुतण्याकडे सुटा रवा तेव्हा ४२ रुपये किलो होता. ज्याने उभी हयात लोकांचे ताळेबंद तपासण्यात घालवली, त्या माणसाने घरी येऊन हा हिशेब सौभाग्यवतींना मोठ्या अभिमानाने ऐकवला. त्या एवढेच म्हणाल्या, ‘अहो, पावसाळ्यात चार किलो रवा दोन माणसांनी किती दिवसांत खायचा?’

तिसऱ्या आठवड्यात रव्यात जाळी दिसली. डब्याच्या कडेला बारीक आळ्या होत्या. दीड किलो रवा वापरून झाला होता, अडीच किलो शिल्लक होता. इतर घरांत असा रवा चाळून घेतात किंवा कचऱ्यात टाकतात. आपल्या घरांत या दोन्ही गोष्टी होत नाहीत. सौभाग्यवतींनी पडवीत सावलीला धुतलेला पंचा अंथरला, त्यावर रवा पसरला आणि दोन दुपारी बसून मऊ पुंजणीने एकेक जीव बाजूला केला. गुडघ्याचे दुखणे असलेली बासष्ट वर्षांची बाई. मी शेजारी खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. त्यातले एक अक्षरही मी वाचले नाही. दुसऱ्या दुपारी त्यांनी मान वर न करता विचारले, ‘हे कोणत्या खात्यावर लिहायचे?’

पैशाचा हिशेब सोपा आहे. १२० रुपयांत दीड किलो रवा पोटात गेला, म्हणजे किलोला ८० रुपये पडले. पुतण्याकडून दर पंधरवड्याला अर्धा किलो आणला असता तर निम्म्याच्या जवळपास खर्च आला असता. दुसरा हिशेब मात्र मला मांडता आला नाही.

आता थोडे मागे जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी तेथे ४५ फुटांची आहे. गणपती पेठेतील दुकानांत पाणी शिरले आणि कित्येक दिवस उतरले नाही. मी नुकताच निवृत्त झालो होतो. विम्याचे कागद, साठ्याची विवरणपत्रे, बँकेचे तारणखाते हा माझा प्रांत, म्हणून पाणी ओसरताच पुतण्याच्या दुकानात गेलो. माळ्यावरचा माल कोरडा होता. खालच्या फळ्यांवरची पोती फुगून फाटली होती. प्रश्न होता मधल्या मालाचा : चहाची, साबुदाण्याची, डाळींची बंद पाकिटे. वरून चिखल, आतून वरकरणी कोरडी.

दोन दिवसांत बाहेरगावचे खरेदीदार पेठेत फिरू लागले. चौथा हिस्सा भाव, रोख पैसे, माल जागेवरून उचलणार. मी पुतण्याला म्हणालो, ‘देऊन टाक. विमा कंपनी सगळे भरून देत नाही. बुडालेल्या मालातून जेवढे सुटेल तेवढे सोडव.’ बँकेतला माणूस दुसरे काय सांगणार? तो म्हणाला, ‘काका, आत पाणी गेले नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि हे लोक ती पाकिटे पुसून कुठल्यातरी आठवडी बाजारात सेल म्हणून लावणार, हे तुम्हालाही कळते आणि मलाही.’ सर्वेक्षकासमोर मोजणी करून त्याने तो सर्व माल नष्ट करवला. विम्याची रक्कम आली ती अपुरी आली; राहिलेल्या खड्ड्यासाठी त्याने कर्ज काढले आणि ते फेडायला त्याला चार वर्षे लागली. मी त्याच्यावर बरेच दिवस नाराज होतो, हेही येथे कबूल करतो.

अशा माणसाचे दुकान टाळून मी ६० रुपयांची पाकिटे घेतली होती. तेव्हा कराडच्या सूनबाई, तुमची चूक असलीच तर ती मॉलमध्ये जाण्याची नाही. स्वस्त मिळेल तेथे घेणे हा गृहिणीचा अधिकार आहे आणि आपण व्यापाऱ्यांनी तरी त्याला नावे ठेवू नयेत. आपणही ठोक बाजारात चार आडत्यांकडे भाव विचारूनच माल उचलतो. चूक आहे ती न सांगण्याची. त्याविषयी शेवटी लिहितो.

सेलमध्ये काय घ्यावे, यावर मी आता घरी एक मर्यादा पाळतो. अखंड दाणा, साखर, मीठ, चहा, साबण हे सवलतीत घ्यावे. दळलेले काही घेऊ नये. रवा, बेसन, कणीक, तयार मसाले यांत कीड लवकर पडते आणि आपल्याकडे तर पिठाला काळाची मर्यादा आहेच. दिगंबर परंपरेत पिठासाठी थंडीत ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवस मानतात. श्वेतांबर घरांत मिठाई-खाखऱ्यांसाठी थंडीत ३०, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५ दिवसांची गणना आहे. पाच किलोवर पाच किलो कणीक मोफत मिळाली तरी ज्यांच्या घरी ही मर्यादा पाळली जाते, त्यांना तिचा उपयोग काय? घरात गहू असेल आणि गिरणी दोन घरांपलीकडे असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची आपल्या घरांची रीत ही काही जुनाट समजूत नव्हे. दाणे निसरडे झाले की किडीला पाय रोवता येत नाही, जीव पडत नाही आणि मारण्याची वेळही येत नाही.

पाकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली तारीख. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वापराची अंतिम तारीख छापणे बंधनकारक आहे. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ हा मजकूर ऐच्छिक आहे. सेलमधील जिन्नस पुष्कळदा या अंतिम तारखेच्या जवळ आलेला असतो. त्यात लबाडी नाही, परंतु घरात किती माणसे आहेत हे मोजूनच पाकीट उचलावे. दुसरी गोष्ट, दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव. तोही आता पाकिटावर छापावा लागतो. अक्षरे बारीक असतात म्हणून आपण पाहत नाही. समजा, शेंगदाण्याचे अर्ध्या किलोचे पाकीट ८५ रुपयांना आहे आणि किलोचे १७८ रुपयांना. मोठे पाकीट स्वस्त असते या जुन्या समजुतीने आपण किलोचे घेतो आणि आठ रुपये जास्त देतो. चष्मा विसरून खरेदीला जाऊ नये, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या दुकानदार वाचकांना ठाऊक आहे, त्यांच्या घरी ठाऊक असेलच असे नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटातील डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही. म्हणजे मॉलच्या पाकिटावरील पाच टक्के सवलत ही पुष्कळदा तुमच्याच दुकानातील सुट्या डाळीच्या भावाशी येऊन थांबते. खाखऱ्याची गोष्ट याच्या उलट झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून खाखऱ्यावरचा कर शून्य झाला. आपल्या घरांत न्याहारीपासून प्रवासापर्यंत ज्याच्यावाचून अडते तो जिन्नस एकदाचा करमुक्त झाला, याचा आनंद कोठेही विशेष साजरा झाल्याचे मला दिसले नाही!

असो. आता चुलीकडे वळू.

प्रथम वाघ्या घेवडा. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या शाखेत मी चार वर्षे होतो. खरिपाचा घेवडा बाजारात आला की शाखेतील जमा रकमा वाढत. शेतकरी पीककर्ज भरायला येताना सोबत पिशवीत किलोभर दाणे आणीत आणि मी पैसे दिल्याशिवाय घेत नाही म्हणून रुसत. मातकट पांढऱ्या दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. राजम्याचाच हा भाऊबंद, परंतु साल पातळ आणि चव सौम्य गोडसर. सध्या नवा घेवडा आलेला असल्याने दुकानदार जुना साठा कमी भावात काढतात. त्यात फुटका दाणा असतो तो आणखी स्वस्त. आमटीला फुटका दाणा उत्तम, कारण शेवटी काही दाणे आपण घोटणारच असतो. मात्र दोन-तीन वर्षांचा जुना घेवडा घेऊ नये; तो शिजता शिजत नाही आणि वाचलेले पैसे गॅसवर जातात. ओळख सोपी आहे : दाणा काळवंडलेला आणि साल सुरकुतलेली असते.

आपल्यापैकी बहुतेक घरांत कडधान्य रात्री भिजत घालीत नाहीत आणि मोड आलेले तर अनंतकाय म्हणून वर्ज्यच. त्यामुळे पाव किलो घेवडा सकाळी सात वाजता निवडून, धुऊन त्यावर उकळते पाणी ओतावे आणि झाकून ठेवावे. साडेतीन तासांत तो पुरेसा फुगतो. ते पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात सहा-सात शिट्ट्या कराव्यात आणि नंतर दहा मिनिटे मंद आंच ठेवावी. येथे घाई करू नये. अर्धा कच्चा घेवडा पोटाला बाधतो, उलट्यादेखील होतात. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबला पाहिजे.

वाटणासाठी दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस, एक चमचा तीळ, दोन चमचे शेंगदाणे, एक चमचा धणे आणि अर्धा चमचा जिरे वेगवेगळे कोरडे भाजावे. एकत्र भाजले तर तीळ करपतात आणि शेंगदाणे कच्चे राहतात. थोड्या पाण्यात बारीक वाटावे. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून दोन-तीन टोमॅटो बारीक चिरून परतावेत, त्यांना तेल सुटू द्यावे. कांद्याची उणीव भरून निघते ती याच वेळी. मग हळद, तिखट, वाटण, एक चमचा गोडा मसाला. सातारा-सांगलीकडचा प्रसिद्ध घाटी मसाला कांदा-लसणाचा, तो आपल्याला चालत नाही. गोड्या मसाल्यातही विकतच्या पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत. शेवटी घेवडा शिजल्या पाण्यासकट घालावा, पळीभर दाणे पळीनेच घोटावेत, एक आमसूल, सुपारीएवढा गूळ आणि मीठ घालून दहा मिनिटे उकळू द्यावे. सोबत ज्वारीची भाकरी. ज्यांची तिथी असेल त्यांनी टोमॅटो व कढीपत्ता वगळून खोबरे-शेंगदाणे थोडे वाढवावेत आणि आमसुले दोन घालावीत; चव वेगळी होते, उणी होत नाही.

आमच्या वहीतील नोंद : घेवडा ३२ रुपये, टोमॅटो ८, खोबरे-तीळ-शेंगदाणे १४, तेल व मसाले १०. एकूण ६४ रुपयांत पाच माणसे पोटभर जेवली, म्हणजे माणशी १२ रुपये ८० पैसे. भाकरी आणि गॅस यांत धरलेला नाही.

दुसरा पदार्थ दाणामेथी आणि बेदाण्याच्या भाजीचा. मारवाडी घरांत हा मंगलप्रसंगीही होतो. बेदाणा म्हटले की सांगली-तासगावचे नाव आलेच. तास-ए-गणेश, सोनाका या वाणांची द्राक्षे तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत शेडमध्ये जाळ्यांवर वाळवली जातात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी होते. दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ थांबवून सर्व येणी-देणी शून्यावर आणण्याची बेदाणा बाजाराची पद्धत, ज्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात, ती माझ्यासारख्या बँकवाल्याला फार प्रिय आहे. सगळ्यांनी सगळ्यांचे देणे चुकते करून पुन्हा पाटी कोरी करायची, ही शिस्त कोणत्याही परिपत्रकाने आलेली नाही.

स्वयंपाकासाठी चकचकीत हिरव्या बेदाण्याची गरज नाही. लहान दाण्याचा, किंचित काळपट बेदाणा निम्म्याच्या आसपास भावात मिळतो आणि रश्शात किंवा भाजीत तो तितकाच फुगतो. फक्त कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवावा, देठ काढावेत. आंबूस किंवा गंधकासारखा उग्र वास आला तर घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

अर्धी वाटी मेथीदाणे सकाळी कढत पाण्यात तीन तास ठेवावेत. पाणी काढून ताज्या पाण्यात पाच मिनिटे उकळावेत, ते पाणी फेकावे आणि पुन्हा एकदा तसेच करावे. कडूपणा जातो तो या दोन पाण्यांत. आळस करून एकाच पाण्यावर भागवले तर घरातील मुले पुन्हा ताटाजवळ येत नाहीत. हा प्रयोग मी केलेला आहे. तिसऱ्या पाण्यात हळद-मीठ घालून दाणे मऊ शिजवावेत, पण फुटू देऊ नयेत. दोन चमचे तेलात जिरे व हिंग घालून तिखट, धणेपूड टाकावी, लगेच अर्धी वाटी पाणी घालावे म्हणजे तिखट करपत नाही. त्यात मेथी, भिजून फुगलेले अर्धी वाटी बेदाणे, एक चमचा आमचूर आणि चवीपुरता गूळ. सात-आठ मिनिटांत पाणी आटते आणि भाजीला चमक येते. हिरवे काही नाही, म्हणून अष्टमी-चतुर्दशीला चालते; मात्र फाल्गुन चौमासीनंतर ज्यांचा मेवा बंद होतो त्यांनी तोवर करून घ्यावी, किंवा पुढे बेदाण्याऐवजी गूळच थोडा वाढवावा. थंडीत बाजरीच्या भाकरीबरोबर, वर चमचाभर तूप.

तिसरा पापडाचा, दहा मिनिटांत होणारा. सेलमध्ये आणलेल्या पाकिटांत निम्मे पापड तुटलेले निघतात आणि आपण हळहळतो. हळहळण्याचे कारण नाही. भाजीला तुकडेच लागतात. येथे द्विदलाकडे मात्र लक्ष हवे. पापड उडदाचा किंवा मुगाचा, म्हणून कच्च्या दह्याचा त्याला स्पर्श होता कामा नये. दोन वाट्या ताज्या, घरच्या ताकाला आधी चांगला कढ द्यावा. ते फाटू नये म्हणून सारखे ढवळत राहावे, चिमूटभर मीठ घालावे. सेलमधले डब्यातील दही येथे आणू नये; त्याची तारीख उद्याची असली तरी आपली मर्यादा कधीच उलटून गेलेली असते. दुसऱ्या भांड्यात तेल, जिरे, हिंग, हळद, तिखट, धणेपूड यांची फोडणी करून त्यात कढवलेले ताक ओतावे, उकळी आली की सहा भाजलेल्या पापडांचे मोठे तुकडे टाकून दोनच मिनिटे ठेवावे. पापडात मीठ असतेच, म्हणून वरून मीठ चाखूनच घालावे. वाढायच्या वेळीच करावी. पापड थांबत नाहीत.

खाखऱ्याविषयी थोडक्यात. तुटका खाखरा पुष्कळ ठिकाणी किलोवर, कमी भावात मिळतो. हाताने बोराएवढे तुकडे करावेत, तेलात शेंगदाणे, डाळवं, कढीपत्ता, तीळ तळून हळद-तिखट-पिठीसाखर टाकावी आणि गॅस बंद केल्यावरच तुकडे घोळवावेत. दुकानात दुपारी चारला चहाबरोबर हा चिवडा असला म्हणजे बाहेरून वडे आणण्याचा विषय निघत नाही. गव्हाचा खाखरा दह्याबरोबर खाणाऱ्यांनी या चिवड्यात डाळवं आहे हे विसरू नये.

आता सूनबाईंना राहिलेले उत्तर. तुमच्या दुकानात दिवाळीला माल मोजला गेला असेल. प्रत्येक दुकानात त्या वेळी काही जिन्नस असे निघतात की जे गिऱ्हाइकाला द्यायला संकोच वाटतो आणि टाकायला जीव होत नाही : फुटका घेवडा, तळाचा बारीक बेदाणा, तुकडा पापड, फाटक्या पिशवीतील साखर. माल चांगला असतो, रूप गेलेले असते. सासऱ्यांना सांगा की हा माल घरात द्या आणि वहीत खरेदीच्या भावाने लिहा, विक्रीच्या नव्हे. घरखर्चाला नेलेला माल ही मालकाची उचल आहे, ती लागत किमतीने मांडावी, असे जमाखर्चाचे शास्त्रच सांगते. आणि ज्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल तेवढे उलटवायला तुमच्या हिशेबनीसांना सांगावे. महिनाअखेरीस वाचला जाणारा आकडा एवढ्यानेच पुष्कळ उतरेल. माझ्या अंदाजाने सासऱ्यांच्या वहीत आजवर विक्रीचाच भाव लागत असावा.

मॉलच्या दोन खेपांविषयीही त्याच वेळी बोला. मी पुतण्याला रव्याची हकीकत दोन महिन्यांनी, दिवाळीच्या पाडव्याला सांगितली. तो हसला नाही, रागावलाही नाही. ‘काका, त्या पाकिटाचा किलोचा भाव मला आधीच कळवायचा होता,’ म्हणाला, ‘मीही गिरणीवाल्याला विचारले असते.’ त्या आठवड्यापासून त्याने रवा दर शनिवारी थोडा थोडा ताजा आणायला सुरुवात केली आहे आणि अर्ध्या किलोच्या पुड्या तो सुट्याच बांधून देतो.

पत्राच्या ताज्या कलमात सूनबाईंनी विचारले आहे की सासरे चौविहार करतात, दुकान आठला बंद होते, तर त्यांना गरम काय द्यावे. हल्ली सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. घेवड्याची आमटी साडेचारला उकळती असतानाच डब्यात भरावी, भाकऱ्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि डबा पाचपर्यंत गल्ल्यावर पोहोचवावा. मेथीची भाजी द्यायची असेल तर बेताचीच भरावी. पाण्यात शिजलेली ती उद्यावर ठेवता येणार नाही.